स्तनाच्या त्वचेवरील बदल : कोणते निरुपद्रवी, कोणते दाखविण्याजोगे

स्तनांच्या आजाराविषयी बोलताना आपण बहुधा गाठीविषयीच बोलतो. ‘गाठ आढळल्यास डॉक्टरांना दाखवा’ हा संदेश शिबिरांतून आणि भित्तिपत्रकांतून आता बऱ्याच घरांत पोहोचला आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु आतल्या आजाराची पहिली खूण कधी कधी गाठीच्या रूपाने न येता त्वचेवर उमटते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. म्हणून या वर्षीच्या अहवालातील ही पाने आम्ही त्या विषयासाठी राखली आहेत.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात दोन प्रकारच्या भगिनी येतात. पहिलीला स्तनाखाली घामोळे किंवा नायटा झालेला असतो आणि तिने कर्करोगाच्या भीतीने आठवडाभर डोळ्याला डोळा लावलेला नसतो. तिला धीर देऊन, साधे मलम लिहून देऊन घरी पाठविता येते. दुसरी मात्र शांतपणे बसलेली असते. पन्नाशीच्या आसपासचे वय, शेतावरचे काम, सोबत सून किंवा मुलगी. स्तनाग्रावर खपली धरली आहे, ती निघते आणि पुन्हा धरते. ‘मावशी, कधीपासून आहे हे?’ असे विचारले की उत्तर मिळते, ‘दिवाळीच्या आधीपासून. दुखत नव्हतं, म्हणून अंगावर काढलं.’ मधल्या काळात औषधाच्या दुकानातून आणलेली तीन-चार मलमे लावून झालेली असतात. हे कोणा एकीचे वर्णन नव्हे. नाव आणि गाव बदलून हे चित्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. पहिल्या भगिनीची भीती कमी व्हावी आणि दुसरीने वेळेवर यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काळजी नको असे बदल

स्तनाची त्वचा शरीराच्या इतर त्वचेसारखीच असते. वयोमानाने, बाळंतपणाने, वजनातील चढउतारांनी आणि हवामानाने ती बदलते. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळावर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात. त्या त्वचा मऊ ठेवणाऱ्या नैसर्गिक ग्रंथी होत. गरोदरपणी त्या ठळक होतात, वर्तुळ अधिक काळे पडते, त्वचेखालच्या निळसर शिरा दिसू लागतात. यात आजार काहीच नाही. वजन वाढल्याने अथवा दूध पाजण्याच्या काळात पडलेल्या पांढुरक्या रेषा, वर्षानुवर्षे तसाच असलेला तीळ, चामखीळ, उतारवयात दिसणारे लाल ठिपके किंवा चिकटवल्यासारखे वाटणारे तपकिरी डाग हेही निरुपद्रवीच होत. एखाद्या स्त्रीचे स्तनाग्र तरुणपणापासूनच आत वळलेले असते. ते जन्मजात असेल आणि त्यात नवा बदल नसेल, तर चिंतेचे कारण नाही.

आपल्या मराठवाड्यातील उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवसभर घामाने भिजलेले घट्ट कपडे अंगावर राहिले की स्तनाखालच्या घडीत ओल साचते, त्वचा लालसर होते, खाज सुटते आणि पुष्कळदा तेथे बुरशी वाढते. मधुमेह असलेल्या व स्थूल भगिनींमध्ये हे अधिक आढळते. घडी कोरडी ठेवणे, सैल सुती कपडे वापरणे आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीविरोधी मलम सांगितले तितके दिवस लावणे हा त्यावरचा उपाय आहे. असा त्रास वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहाची पहिली सूचना अशीही मिळू शकते.

उपचार हवा, पण घाबरू नये असे आजार

दूध पाजणाऱ्या मातेच्या स्तनात दूध साचून दाह होतो. स्तन लाल व गरम होतो, ठणकतो आणि अंगात ताप भरतो. अशा वेळी दूध पाजणे बंद करावे हा समज चुकीचा आहे. बाळाला पाजत राहावे आणि डॉक्टरांनी दिल्यास प्रतिजैविके पूर्ण घ्यावीत. योग्य उपचाराने काही दिवसांत स्पष्ट आराम पडतो. गळू झाल्यास त्यातील पू काढावा लागतो.

स्तनाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे, आगीसारखे जळजळणारे पाण्याचे फोड आले, तर ती बहुधा नागीण असते. तिच्यावर गुणकारी गोळ्या आहेत, मात्र त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाल्या तर अधिक उपयोग होतो. नवी साबणपूड, अंतर्वस्त्राचे इलॅस्टिक किंवा एखादे बाम यांमुळे इसब उठू शकते. ते बहुधा दोन्ही बाजूंना असते आणि कारण दूर केल्यावर बरे होते. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोगही आढळतो. त्यात गाठ होऊन फुटते आणि बराच काळ वाहत राहते. क्षयाच्या औषधांनी तो बरा होतो, परंतु कर्करोगाचा संशय दूर करण्यासाठी आधी तुकडा तपासणे आवश्यक असते.

दखल घ्यावीच अशा खुणा

आता ज्या खुणा पाहून थांबू नये, त्यांच्याकडे वळू. त्या समजण्यासाठी स्तनाच्या रचनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. स्तनातील ग्रंथी आणि चरबी यांना आधार देणारे बारीक तंतुमय धागे आतून थेट त्वचेपर्यंत गेलेले असतात. इंग्लंडचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० साली त्यांचे सविस्तर वर्णन केले. आत वाढणाऱ्या कर्करोगाने हे धागे आखडले की ते त्वचेला आत ओढतात. ज्याप्रमाणे गादीला आतून टाका घातला की वरच्या कापडाला खळगी पडते, तशीच खळी स्तनाच्या त्वचेवर पडते. हात वर केल्यावर किंवा कमरेवर दाबून धरल्यावर ती अधिक ठळक होते. स्तनाग्र पूर्वी सरळ असून अलीकडे आत ओढले गेले असेल, तर त्यामागेही हेच कारण असू शकते.

दुसरी खूण ओळखण्यासाठी आमच्या परिचारिका एक सोपा दाखला देतात. जालन्याची मोसंबी हातात घेऊन तिची साल जवळून पाहावी. सालीवर बारीक बारीक खळगे दिसतात. स्तनाची त्वचा अशी जाड आणि खळगेदार दिसू लागली, तर त्वचेतील लसीकावाहिन्या अडल्या आहेत असे समजावे. पाणी साचून त्वचा फुगते, परंतु केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी जेथे तिला खाली धरून ठेवतात तेथे ती फुगू शकत नाही, म्हणून खळगे उमटतात. दाहामुळेही असे क्वचित होते. पण कर्करोगाच्या पेशींनी वाहिन्या अडविल्या असण्याची शक्यता असल्याने ही खूण दिसताच तपासणी करावी.

तिसरी खूण फसवी आहे. स्तन काही दिवसांत किंवा आठवड्यांत लाल, गरम आणि जड होतो, गाठ हाताला लागत नाही आणि सर्वांना वाटते की जंतुसंसर्ग झाला आहे. बहुतेक वेळा तो जंतुसंसर्गच असतो. परंतु प्रतिजैविकांचा एक क्रम पूर्ण होऊनही लाली उतरली नाही, विशेषतः स्त्री दूध पाजत नसेल, तर दाहक स्तनकर्करोगाचा विचार करावाच लागतो. हा प्रकार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांत स्तनकर्करोगाच्या शंभर रुग्णांत तो एक ते पाच जणींना आढळतो. मात्र तो झपाट्याने वाढतो, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतिजैविकाच्या चिठ्ठीत महिने घालविणे परवडणारे नसते. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुस्तकांतील चित्रे गोऱ्या त्वचेची असतात. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर ही ‘लाली’ लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसते. रंगापेक्षा दोन्ही स्तनांतील फरक, उष्णता आणि जडपणा यांकडे लक्ष द्यावे.

चौथी खूण म्हणजे लेखाच्या प्रारंभी सांगितलेली, स्तनाग्रावरची न भरणारी खपली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली अशा सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. स्तनाग्रावर इसबासारखा विकार दीर्घकाळ राहिला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या स्तनात कर्करोग दिसून आला, असे त्यांचे निरीक्षण होते. आज हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. साधे इसब बहुधा भोवतालच्या गडद वर्तुळावर सुरू होते आणि दोन्ही बाजूंना असते. पॅजेटचा विकार एकाच बाजूला, थेट स्तनाग्रावर सुरू होतो आणि मग वर्तुळाकडे पसरतो. या विकाराच्या अनेक रुग्णांमध्ये आजार दुग्धवाहिन्यांपुरताच मर्यादित असतो आणि अशा वेळी उपचारांनी बरे होण्याची शक्यता फार चांगली असते. आठ-दहा महिन्यांच्या विलंबाने नेमकी हीच संधी हातची जाते.

याखेरीज न भरणारी जखम, त्वचेवर नव्याने उठलेल्या कठीण गुठळ्या, एकाच स्तनाग्रातून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव आणि काखेतील गाठ हीही दाखविण्याजोगी लक्षणे होत. पूर्वी स्तनकर्करोगाचे उपचार झालेल्या भगिनींच्या बाबतीत किरणोपचारानंतर त्वचा काळसर होणे अथवा सालपटे निघणे अपेक्षित असते. परंतु शस्त्रक्रियेच्या व्रणावर किंवा त्याच्या आसपास नवी गुठळी वा पुरळ आल्यास पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. पुरुषांनाही हा आजार क्वचित होतो, हे घरातील पुरुष मंडळींनीही लक्षात ठेवावे.

स्वतःला विचारावयाचे तीन प्रश्न

एवढी नावे लक्षात ठेवणे कोणालाही अवघड जाईल. म्हणून तीन प्रश्न पुरेत. पहिला, हा बदल एकाच बाजूला आहे का? दुसरा, तो नवा आहे का? तिसरा, योग्य उपचार करूनही दोन आठवड्यांत तो गेला नाही का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर दुखो वा न दुखो, तपासणी करून घ्यावी. खळी, मोसंबीच्या सालीसारखी त्वचा, आत ओढले गेलेले स्तनाग्र, जखम किंवा रक्तस्राव दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये.

‘दुखत नाही, म्हणजे साधे असेल’ हा समज सर्वांत घातक आहे. कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही. ठणकणारे गळू मात्र दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात आणते.

महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, आणि पाळी गेलेली असल्यास कोणत्याही ठरलेल्या दिवशी, आरशासमोर उजेडात उभे राहून पाहावे. प्रथम हात खाली सोडून, मग वर करून, मग कमरेवर दाबून आणि शेवटी थोडे पुढे वाकून. आपले नेहमीचे रूप ठाऊक असले की बदल लगेच ध्यानात येतो. पाहताना स्तनाखालची घडी उचलून पाहण्यास विसरू नये.

आणखी एक विनंती. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी खाज-नायट्याची मिश्र मलमे स्तनावर लावू नयेत. त्यांतील स्टिरॉइडमुळे लाली तात्पुरती दबते, रुग्णाला बरे वाटल्याचा भास होतो आणि आतला आजार तसाच राहतो. बिब्बा लावल्याने त्वचेवर फोड येतात, चुन्याने ती भाजते. मग मूळ आजार कोणता आणि उपायाने झालेली जखम कोणती, हे ओळखणे डॉक्टरांनाही कठीण होते.

तपासणी कशी होते

तपासणीचे भय पुष्कळदा आजाराच्या भयाहून मोठे असते. वस्तुतः तीन पायऱ्या असतात. प्रथम डॉक्टर डोळ्यांनी आणि हातांनी तपासतात. नंतर चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी आणि तरुण वयात बहुधा सोनोग्राफी केली जाते. संशय राहिल्यास सुईने किंवा त्वचा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’, ‘हवा लागली की वाढतो’ हे समज आमच्या कानी रोज पडतात. ते खरे नाहीत. तुकड्याच्या तपासणीमुळे आजार पसरत नाही. उलट कोणते औषध लागू पडेल हे त्यावरूनच ठरते. तपासणीच्या वेळी महिला परिचारिका सोबत असावी, पडदा असावा, हा रुग्णाचा हक्क आहे. तो मागण्यात संकोच नसावा.

केवळ खळी पडली म्हणून आजार हाताबाहेर गेला असे नाही. मोसंबीच्या सालीसारखी त्वचा किंवा जखम कर्करोगामुळे असेल, तर आजार साधारणतः तिसऱ्या टप्प्यात पोहोचलेला असतो. मात्र त्या टप्प्यातही आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार अशा क्रमाने, बरे करण्याच्या उद्देशानेच उपचार केले जातात. उशीर झाला म्हणून आता येऊन काय उपयोग, असे कोणीही मनात आणू नये.

प्रशिक्षित डोळ्यांचे मोल

जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. दर गावी मॅमोग्राफीचे यंत्र पोहोचणे शक्य नाही. मग काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच राज्यात शोधले गेले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ साली मुंबईतील २० वस्त्यांत ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत, अल्प प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी एकदा याप्रमाणे चार वेळा स्तनांची तपासणी केली. यंत्र नव्हते, केवळ डोळे आणि हात होते. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट ठामपणे सिद्ध म्हणावी एवढी नव्हती. पण पन्नास वर्षे व त्यापुढील स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

या अभ्यासातून आम्ही जो बोध घेतो तो असा की, शिकविलेल्या डोळ्यांनी वेळेवर पाहिले तर जीव वाचतात. आज शासनाच्या कार्यक्रमातही ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी अंतर्भूत आहे. आशा ताई किंवा आरोग्यसेविका घरी आल्यास ‘मला काही नाही’ म्हणून तिला परत पाठवू नये.

खर्च आणि संकोच

आमच्याकडे उशिरा येणाऱ्या भगिनी दोन कारणे सांगतात, पैसा आणि लाज. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर तिसरेही कारण असते. हंगाम अर्ध्यावर टाकून येता येत नाही आणि हंगाम संपेपर्यंत सहा महिने उलटतात.

पैशाच्या बाबतीत नातेवाइकांनी पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा समावेश आहे. आपल्या शहरात घाटी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय यांची सोय आहे. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना प्रथम भेटावे.

संकोचावर मात्र शासनाची योजना नाही. तेथे घरच्यांनीच पुढे यावे लागते. सासूने सुनेला, मुलीने आईला, जावेने जावेला विचारावे. पतीने ‘चल, दाखवून येऊ’ एवढे म्हटले, तरी अर्धी वाट सरते.

आमच्या देणगीदारांना आणि विश्वस्तांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, मोठ्या यंत्रसामग्रीइतकेच मोल तपासणीच्या खोलीतील पडद्याला, तेथे थांबणाऱ्या परिचारिकेला आणि सिल्लोड, पैठण किंवा सोयगावहून येणाऱ्या गरीब बाईच्या एस.टी. भाड्याला आहे. आणि ज्यांच्या हाती हा अहवाल आज आला आहे, त्यांनी तो कपाटात ठेवण्यापूर्वी ही पाने घरातील स्त्रियांना वाचावयास द्यावीत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवावीत. हा लेख तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तो वाचून एखादी मावशी पुढच्या दिवाळीची वाट न पाहता याच आठवड्यात आमच्या दारी आली, तर आम्हांस त्याचा मनापासून आनंद होईल.